एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे पंच मोठ्या शहरांच्या संघांना झुकतं माप देतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर?

शिट्टी झुकते, पण शहराचा आकार पाहून झुकते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ती झुकते यजमानांकडे, मागे पडलेल्या संघाकडे आणि प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) मालिकेत पिछाडीवर असलेल्याकडे. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या घरच्या मैदानावर न्यूयॉर्कच्या निक्स संघाला फायदा झालेला दिसतो तेव्हा तो न्यूयॉर्कचा असतो की घरच्या मैदानाचा, हे वेगळं करून पाहावं लागतं. बहुतेक भांडणं ते न केल्यामुळेच पेटतात.

‘मोठं मार्केट’ कशावरून ठरतं? लोकसंख्येवरून?

नाही, टीव्ही असलेल्या घरांवरून. नील्सन ही कंपनी अमेरिकेचे २१० टीव्ही विभाग पाडते. त्यात न्यूयॉर्क पहिलं, लॉस एंजलिस दुसरं, शिकागो तिसरं. ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस आणि न्यू ऑर्लीन्स पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास असतात. लोकसंख्या धरली तर घोळ होतो. सॅन अँटोनिओ हे लोकसंख्येने अमेरिकेतलं सातवं शहर, म्हणजे डॅलसपेक्षाही मोठं. पण आजूबाजूला उपनगरांचा पसारा नसल्याने टीव्हीच्या यादीत ते तिसाच्या घरात जातं. ‘सॅन अँटोनिओसारखं मोठं शहर’ असं म्हणत कोणी मुद्दा मांडू लागला, तर त्याने चुकीची यादी उघडली आहे.

पण लीगचा पैसा टीव्हीतूनच येतो. मग लॉस एंजलिसचे लेकर्स आणि न्यूयॉर्कचे निक्स जिंकलेले लीगला हवेच असणार ना?

हे गणित दिसतं तितकं सरळ नाही. २०२५-२६ पासून सुरू झालेला राष्ट्रीय प्रक्षेपणाचा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. डिस्ने, एनबीसी युनिव्हर्सल आणि ॲमेझॉनने तो केला आहे. ती रक्कम ३० संघांत सारखी वाटली जाते आणि ती आधीच ठरलेली आहे. यंदा अंतिम फेरीत न्यूयॉर्क आलं की इंडियानापोलिस, त्याने या हंगामाचा राष्ट्रीय टीव्हीचा आकडा बदलत नाही. फरक पडतो तो स्थानिक प्रक्षेपण आणि तिकीटविक्रीत. तो पैसा मुख्यतः त्या त्या संघाचा असतो, आणि त्यातूनही श्रीमंत संघांना सामाईक खात्यात भर घालावी लागते.

मोठे संघ पुढे गेले तर प्रेक्षक वाढतात, पुढचा करार करताना ते उपयोगी पडतं, हे खरं आहे. पण प्रेक्षक शहराला पाहायला येतात की खेळाडूला? अंतिम फेरीला आजवरचे सर्वाधिक प्रेक्षक मिळाले ते १९९८ मध्ये, सामन्यामागे सरासरी सुमारे २ कोटी ९० लाख. शिकागोसमोर संघ होता सॉल्ट लेक सिटीचा युटा जॅझ, म्हणजे छोटं मार्केट. लोक शिकागोच्या मायकेल जॉर्डनला पाहत होते.

लीगला पैशाचा खरा मोह असलाच तर तो मालिका लांबण्याचा आहे. चार सामन्यांत आटोपणारी मालिका सातपर्यंत गेली की तीन जास्तीचे सामने, तीन जास्तीच्या रात्रींच्या जाहिराती. हा मोह छोट्या शहरालाही तितकाच तारतो, कारण पिछाडीवर कोणीही असू शकतं.

अभ्यासांत काय निघालं आहे?

सर्वांत नेटका प्रयोग जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनियल स्टोन या अर्थशास्त्रज्ञांचा. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संघ बॉल गमावतो त्या प्रसंगांचे त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटात पंचाच्या मर्जीचा भाग मोठा असतो: ट्रॅव्हलिंग (टप्पा न टाकता बॉल घेऊन चालणं), आक्रमक खेळाडूचा फाऊल वगैरे. दुसऱ्यात पंचाला करण्यासारखं फारसं नसतं, जसं चुकलेला पास किंवा हातातून सुटलेला बॉल. एखादा संघ घरच्या मैदानावर खरोखर चांगला खेळत असेल तर दोन्ही गटांत सुधारणा दिसायला हवी. फक्त मर्जीच्या गटातच दिसली, तर संशयाचं बोट शिट्टीकडे जातं.

त्यांना तसंच दिसलं. फायदा यजमानांना, सामन्यात मागे असलेल्यांना आणि मालिकेत मागे असलेल्यांना. या तिन्ही गोष्टी सामने चुरशीचे आणि मालिका लांब करतात. म्हणजे ‘लीगच्या फायद्याचा कल’ सापडतो, पण तो ‘न्यूयॉर्कच्या फायद्याचा कल’ नव्हे. आणि त्यासाठी कोणी फोन करून हुकूम सोडावा लागतो असंही नाही. वीस हजार लोक एका सुरात ओरडत असताना अर्ध्या सेकंदात निर्णय घेणाऱ्या माणसाचं मन कुठे वळेल, हे सांगायला कटाची गरज नाही.

क्रिकेटसारखे तटस्थ पंच का नेमत नाहीत?

एनबीएचे सगळेच पंच त्या अर्थी तटस्थ आहेत. ते कोणत्याही शहराचे वा संघाचे नसतात. लीगचे पगारी नोकर असतात आणि हंगामभर देश पालथा घालतात. १९८८-८९ पासून प्रत्येक सामन्याला तीन पंच असतात आणि त्यांतला एक प्रमुख. नावं सामन्याच्या दिवशी सकाळी जाहीर होतात, आधी नाही. स्वतःच्या सामन्यांवर पैज लावणाऱ्या टिम डोनॅगी या पंचाच्या प्रकरणानंतर या गोष्टींकडे फार काटेकोरपणे पाहिलं जातं.

प्रत्येक शिट्टी, आणि न वाजलेली शिट्टीसुद्धा, नंतर व्हिडिओवर तपासून गुण दिले जातात. त्या गुणांवरून प्लेऑफच्या पहिल्या फेरीला साधारण ३६ पंच निवडले जातात आणि गाळत गाळत अंतिम फेरीला १२ उरतात. मुद्दाम वाकडी शिट्टी वाजवणारा या चाळणीत स्वतःचंच नुकसान करून घेतो. यावरचा आक्षेपही रास्त आहे: चाळणी लीगच्याच हातात आहे. परीक्षक, परीक्षार्थी आणि शाळा एकाच मालकाची.

२००२ चा सहावा सामना तरी कटच होता ना?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, तेव्हा आकडे पाहू. ३१ मे २००२, पश्चिम विभागाची अंतिम फेरी, मालिकेत सॅक्रामेंटो किंग्ज लेकर्सवर ३-२ ने पुढे. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये लेकर्सना मिळून १३ फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे फेक) होते. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ मिळाले. किंग्जचे उंच खेळाडू व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड सहा-सहा फाऊल होऊन बाहेर गेले. अखेरच्या सेकंदांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटच्या कोपराचा फटका किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसला, पण ब्रायंटवर फाऊल दिला गेला नाही. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले. ग्राहक चळवळीचे राल्फ नेडर यांनी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना पत्र लिहून चौकशी मागितली.

पंचगिरी वाईट होती याबद्दल फारसा वाद नाही. वाद ‘मुद्दाम’ या शब्दावर आहे. २००८ मध्ये टिम डोनॅगीने वकिलामार्फत असा आरोप केला की ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेण्याचा हेतू होता. तो स्वतः त्या सामन्यात पंच नव्हता. लीगने नेमलेले वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्या ऑक्टोबर २००८ च्या अहवालात या आरोपाला आधार मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. सातवा सामना सॅक्रामेंटोत, किंग्जच्या घरी होता. त्यात किंग्जनी ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले, तीन गुणांचे २० पैकी फक्त २ टाकले, आणि जादा वेळेत ११२-१०६ ने हरले. सहाव्या सामन्याचा अन्याय याने पुसला जात नाही. पण ‘पंचांनी विजेतेपद हिरावलं’ या वाक्यात ते १४ फ्री थ्रोही मोजायला हवेत.

छोट्या शहराच्या संघांनी हा आरोप उघडपणे केला आहे का?

हो, आणि सर्वांत गाजलेलं उदाहरण मे २०२४ चं आहे. दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध इंडियानापोलिसचे इंडियाना पेसर्स. पहिल्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटात पेसर्सच्या ॲरन नेस्मिथने बॉल अडवला आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली: पायाने बॉल अडवल्याचा निर्णय. बॉल न्यूयॉर्कलाच परत मिळाला. सामन्यानंतर प्रमुख पंच झॅक झार्बा यांनी मान्य केलं की बॉल हाताला लागला होता, म्हणजे काहीच चूक नव्हती.

मग तिथल्या तिथे फिरवला का नाही? कारण प्रशिक्षकाला आव्हान फक्त तीन गोष्टींवर देता येतं: आपल्या खेळाडूवर दिलेला फाऊल, बॉल कोणाकडून बाहेर गेला ते, आणि बास्केटच्या तोंडाशी बॉलला बेकायदा हात लागला की नाही. पायाचा निर्णय यात बसत नाही. क्रिकेटच्या डीआरएसची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटतं, पण नियम तसा आहे. दुसऱ्या सामन्यात निक्सच्या आयझाया हार्टेनस्टीनवर डबल ड्रिबल (टप्पे थांबवून पुन्हा सुरू करण्याची चूक) दिला, पंचांनी आपसांत बोलून तो मागे घेतला, आणि त्यावरही आव्हान नव्हतं.

पेसर्सनी दोन सामन्यांतले ७८ प्रसंग लीगकडे पाठवले. प्रशिक्षक रिक कार्लाईल म्हणाले की छोट्या शहरांच्या संघांनाही समान संधी मिळायला हवी. त्यांना ३५,००० डॉलर दंड झाला. पुढे काय झालं? पेसर्स मालिका जिंकले. सातवा सामना, तोही मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, १३०-१०९ ने, आणि ६७.१ टक्के नेमबाजी करून, जो प्लेऑफमधला विक्रम ठरला. निक्सचे निम्मे खेळाडू जायबंदी होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२५ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पेसर्सनी निक्सना पुन्हा हरवलं आणि शेवटची लढत झाली ओक्लाहोमा सिटीशी. टीव्हीच्या गणिताने पटकथा लिहिली जात असती, तर ही जोडी कोणी निवडली नसती.

जाता जाता: ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते याच दोन तक्रारदारांचे, किंग्ज आणि पेसर्स. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पण त्यांनी संघ घेतला २०१३ मध्ये, त्यामुळे २००२ चं दुःख त्यांच्या खात्यात नाही.

मोठ्या शहराविरुद्ध गेलेल्या चुका आहेत का?

भरपूर. दोनच घेऊ. २८ जानेवारी २०२३, बॉस्टनमध्ये शेवटच्या क्षणी लेकर्सचा लेब्रॉन जेम्स बास्केटकडे झेपावला, बॉस्टनच्या जेसन टेटमचा फटका त्याच्या हातावर बसला, शिट्टी नाही. लेब्रॉन गुडघ्यांवर कोसळला. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन पंचाला फोटो दाखवायला गेला आणि त्याबद्दल त्याला टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाऊल मिळाला. लेकर्स जादा वेळेत हरले. चूक झाल्याचं पंचांनी नंतर कबूल केलं.

१२ फेब्रुवारी २०२४, ह्यूस्टन. ०.३ सेकंद उरले असताना निक्सच्या जेलन ब्रन्सनवर फाऊल दिला आणि निक्स १०५-१०३ ने हरले. प्रमुख पंच एड मलॉय यांनी त्याच रात्री सांगितलं की फाऊल द्यायला नको होता. निक्सनी अधिकृत निषेध नोंदवला. लीगने तो फेटाळला.

पंचच चूक मान्य करतात, तरी निषेध फेटाळतात? असं कसं?

कारण निषेध नियम चुकीचा लावल्याबद्दल असतो, नजरेच्या चुकीबद्दल नाही. फाऊल होता की नव्हता ही नजर. फाऊलची मोजणीच चुकली तर तो नियम. प्रक्रिया अशी: ४८ तासांत अर्ज, सोबत १०,००० डॉलर, निषेध मान्य झाला तर पैसे परत.

मान्य होणं फार दुर्मीळ. डिसेंबर २००७ मध्ये अटलांटात मायामीच्या शकील ओनीलला सहावा फाऊल झाल्याचं सांगून बाहेर पाठवलं, पण नोंदवहीत चूक होती, त्याचे पाचच झाले होते. लीगने मायामीचा निषेध मान्य केला, अटलांटाला ५०,००० डॉलर दंड केला आणि मार्च २००८ मध्ये शेवटचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले.

लेकर्सना नेहमी जास्त फ्री थ्रो का मिळतात?

काही हंगामांत खरंच मिळाले आहेत. पण फ्री थ्रो शैलीतून येतात. जो संघ बॉल घेऊन बास्केटकडे घुसतो त्याला फाऊल मिळतात. जो लांबून तीन गुणांचे फेकतो त्याला कमी. लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस घुसणाऱ्यांपैकी होते, शिवाय त्यांचा संघ बचावात फाऊल कमी करायचा. दोन्ही बाजूंनी तफावत वाढते. उलट पुरावा हवा असेल तर लीगमध्ये फ्री थ्रो रेषेवर ज्यांचा मुक्काम असतो अशांची नावं पाहा: मिलवॉकीचा यानिस, ओक्लाहोमा सिटीचा शाय गिल्जस-अलेक्झांडर. दोन्ही शहरं लहान. नामांकित खेळाडूला शिट्टी लवकर मिळते असं आम्हालाही वाटतं, पण ती खेळाडूबरोबर शहर बदलते.

टिम डोनॅगी प्रकरणाने लीग पोखरलेली आहे हे सिद्ध होत नाही का?

डोनॅगी जुगारासाठी विकला गेला होता, शहरासाठी नाही. स्वतःच्या सामन्यांवर पैज लावणं आणि आतली माहिती पुरवणं यासंबंधी त्याने ऑगस्ट २००७ मध्ये गुन्हे कबूल केले आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. एक पंच भ्रष्ट असू शकतो, आणि तो १३ हंगाम टिकू शकतो, हे त्यातून निश्चित दिसलं. लीगची तपासणी ढिली होती हेही दिसलं.

स्वतः तपासायचं असेल तर कसं?

एनबीए १ मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर टाकते. सुरुवातीला पाच गुणांच्या आतले सामने घेत, २०१७-१८ पासून तीन गुणांच्या आतले. प्रत्येक ओळीत वेळ, निर्णयाचा प्रकार, चूक करणारा खेळाडू, नुकसान झालेला खेळाडू आणि चारांपैकी एक शेरा असतो: बरोबर शिट्टी, चुकीची शिट्टी, बरोबर मौन, चुकीचं मौन.

किमान तीन हंगामांच्या ओळी एका तक्त्यात घ्या. फक्त दोन चुकीचे शेरे ठेवा. प्रत्येक ओळीपुढे नुकसान कोणाचं झालं, तो संघ यजमान होता का, त्या क्षणी पुढे होता की मागे, आणि त्याच्या शहराचा नील्सन क्रमांक हे चार रकाने भरा. आधी यजमान-पाहुणे असे दोन ढीग करा आणि मग प्रत्येक ढिगात मोठं-छोटं शहर ताडून पाहा. हा क्रम उलटा केला तर उत्तर चुकतं.

यात लोक हमखास कुठे फसतात?

पहिला खड्डा मुद्दाम केलेल्या फाऊलचा. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला फाऊल करतो, आणि पुढे असलेल्याच्या खात्यात सहा-आठ फ्री थ्रो जमा होतात. त्यात पंचाचा संबंध नसतो. सामन्याच्या एकूण फ्री थ्रोवरून निष्कर्ष काढणाऱ्यांचा तक्ता इथेच कोसळतो.

दुसरा खड्डा लहान नमुन्याचा. समजा एका संघाच्या सामन्यांत हंगामभरात ३० चुका नोंदल्या गेल्या. नाणं उडवल्यासारखं सगळं निव्वळ योगायोगाने झालं तरी २० किंवा त्याहून जास्त चुका विरुद्ध जाण्याची शक्यता जवळपास ५ टक्के असते. संघ ३०, म्हणजे दरवर्षी एखाद-दुसरा संघ असा निघणारच. त्याचे चाहते तक्ता घेऊन ओरडणार, आणि तो तक्ता खराही असणार.

तिसरी मर्यादा अहवालाचीच: उरलेल्या ४६ मिनिटांबद्दल तो काहीच सांगत नाही. पंचांच्या संघटनेला तो पसंत नाही, आणि चाहत्यांना त्याने समाधान नाही, कारण चूक कबूल होते पण निकाल तोच राहतो.

जुन्या काळी तरी मोठ्या शहरांचं फावत होतं का?

तेव्हा चुका दुरुस्त करायची सोयच नव्हती. १९९८ च्या अंतिम फेरीतला सहावा सामना: युटाच्या हॉवर्ड आयझलीचा तीन गुणांचा बास्केट वेळ संपल्याचं सांगून रद्द केला, प्रत्यक्षात बॉल वेळेत सुटला होता. शिकागोच्या रॉन हार्परचा उशिराने सुटलेला दोन गुणांचा धरला. पाच गुणांचा फरक, आणि शिकागो जिंकलं ८७-८६ ने. व्हिडिओ पाहून निर्णय द्यायला सुरुवात झाली २००२-०३ मध्ये. २०१४ पासून न्यू जर्सीतल्या सेकॉकस इथे त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. २०१९-२० पासून प्रशिक्षकाला आव्हान मिळालं, आणि २०२३-२४ पासून पहिलं आव्हान बरोबर ठरलं तर दुसरंही. याच काळात यजमानांची मिजासही उतरली: १९८० च्या दशकात ते शंभरातले पासष्टच्या आसपास सामने जिंकत, अलीकडे पंचावन्नच्या आसपास.

विजेत्यांच्या यादीवरून काही कळतं का?

थोडंफार. सॅन अँटोनिओची पाच विजेतेपदं, २०२१ मध्ये मिलवॉकी, २०२३ मध्ये डेन्व्हर, २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी. देशातल्या सर्वांत मोठ्या मार्केटमधल्या निक्सनी १९७३ मध्ये विजेतेपद जिंकलं, त्यानंतर २०२५ पर्यंत एकही नाही. लॉस एंजलिसच्याच क्लिपर्सनी तोवर अंतिम फेरीही पाहिलेली नाही. लेकर्सचं यश मोठं आहे, पण त्याचं साधं कारण म्हणजे मोठे खेळाडू तिथे राहायला तयार असतात. मोठ्या शहराचा खरा फायदा तिथे आहे, करारावर सही होते त्या टेबलावर.

पंचांवर टीका केली तर दंड किती?

ठरलेलं दरपत्रक नाही. २००२ मध्ये डॅलसचे मालक मार्क क्यूबन यांना ५ लाख डॉलर पडले. पंचांच्या प्रमुखाला मी डेअरी क्वीनचं दुकानही चालवायला देणार नाही, असं ते म्हणाले होते. नंतर त्यांनी एक दिवस त्या दुकानात आइस्क्रीमही विकलं. मिनेसोटाच्या रूडी गोबेअरला २०२३ मध्ये पंचांवरच्या टीकेबद्दल २५,००० आणि मार्च २०२४ मध्ये पंचाकडे पाहून बोटांनी पैशांची खूण केल्याबद्दल १ लाख डॉलर. तोंडापेक्षा बोटं महाग पडली.